गरम कुंडातला पाऊण तास

मिनिटकाकांना मिनिटकाका म्हणत, ते घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून नव्हे. त्यांना काहीही विचारा, काहीही सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "एक मिनिट." जेवायला हाक मारली, एक मिनिट. मुलीच्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले, एक मिनिट. एकदा पलीकडच्या दुकानात आग लागली आणि औषधवाला ओरडत आला, तेव्हाही डोळ्यावरचं भिंग न काढता काका म्हणाले होते, "एक मिनिट, एवढा स्क्रू बसवतो." काकू म्हणायच्या, "मरण दारात आलं तरी हे त्याला बाकावर बसवून ठेवतील. आणि ते बिचारं कंटाळून निघून जाईल."

दुकान म्हणजे दोन भिंतींमध्ये उरलेली फट होती. काका आत असले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आणि काकू आत आल्या की काकांनी बाहेर. गेली दोन वर्षं बहुतेक काकाच बाहेर स्टुलावर असत. कारण त्यांची बोटं.

बोटं एका दिवसात गेली नाहीत. आधी सकाळी थोडी आखडायची. मग दुपारपर्यंत आखडलेली राहू लागली. मग अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ही बेचाळीस वर्षांची जोडी एकमेकांशी बोलेनाशी झाली. हातात चहाचा कप राहायचा, छत्री राहायची, पण चिमटा राहायचा नाही. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "वयाप्रमाणे चाललंय. थंडीपासून जपा." काका घरी येऊन म्हणाले, "मीही गिऱ्हाइकांना असंच सांगायचो. पार्ट मिळत नसला की म्हणायचं, जपून वापरा."

तेव्हापासून दुकानात एकच काम उरलं होतं, बॅटरी बदलणं. तेही काकू नखाने करायच्या आणि काका स्टुलावरून सूचना द्यायचे.

"हळू. उलटी. अगं, उलटी धरलीस."

"मग या आत आणि लावा तुम्ही."

यावर काका स्टूल थोडं मागे सरकवत. काकूंनाही बोलून गेल्यावर वाईट वाटे, आणि ते लपवायला त्या पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसत.

पण काकांच्या जिवाला खरा घोर बॅटऱ्यांचा नव्हता, काकूंच्या मनगटावरच्या घड्याळाचा होता.

लग्न ठरलं तेव्हा काका एका घड्याळजीच्या हाताखाली उमेदवार होते आणि खिशात दमडी नव्हती. मेलेल्या तीन घड्याळांमधून त्यांनी एक जिवंत घड्याळ उभं केलं. एकाची तबकडी, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची केसासारखी बारीक स्प्रिंग. तिघांचं एकमेकांशी जमेना, म्हणून स्प्रिंगचं टोक धरून ठेवणारा एक स्क्रू काकांनी स्वतः हाताने फिरवायच्या छोट्या लेथवर कातून काढला. मोहरीच्या दाण्याच्या पावपट असेल नसेल. तसला स्क्रू जगात दुसरा नव्हता. ते घड्याळ काकूंच्या मनगटावर अडतीस वर्षं चाललं आणि दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. बिघाड अगदी साधा होता, तो स्क्रू सैल होऊन निघाला होता. जागेवर बसवायचा आणि दोन वेढे द्यायचे, पाच मिनिटांचं काम. पण ते नेमकं बोटं गेल्यानंतर निघालं. काकांनी अकरा वेळा प्रयत्न केला. अकराही वेळा स्क्रू चिमट्यातून उडाला आणि अकराही वेळा काकूंनी दुकान झाडून तो शोधून काढला. शेवटी काकांनी तो एका छोट्या बाटलीत बंद केला.

"दुसऱ्या कोणाकडून बसवून घे," काका एकदा म्हणाले.

"दुसऱ्याचा हात लागलेलं घड्याळ मी घालणार नाही."

"मग बंद घड्याळ घालून फिरणार?"

"फिरते की. दिवसातून दोन वेळा बरोबर असतं. तुम्ही तेवढेही नसता."

आता या सगळ्यात औषधवाला आला. औषधवाल्याचं दुकान शेजारी, आणि त्याचा स्वभाव असा की स्वतःच्या गोळ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. त्याची कंबर दुखायची. मागच्या वर्षी तो डोंगरापलीकडच्या त्या गाजलेल्या गरम झऱ्यांवर जाऊन आला होता आणि तेव्हापासून कोणालाही गोळी देताना म्हणायचा, "घ्या तीन दिवस, पण खरं औषध तिकडे आहे."

"मिनिटकाका, जमिनीच्या पोटातून येतं हो पाणी! फुकट तापलेलं!"

"मग तिकीट कसलं घेतात?"

"जागेचं. आणि टॉवेलचं. आणि टॉवेल आपला असेल तर तो वाळत घालायचं."

"आणि उपयोग?"

औषधवाला आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर आलात की अर्धा तास अंग नुसतं लोणी. मी वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. बायको रडली."

"आणि अर्ध्या तासानंतर?"

"त्यानंतर नाड्या तिनेच सोडल्या. पण काका, अर्धा तास!"

दुसरा कोणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. काकांनी मात्र मनात गणित केलं. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं. स्क्रूला लागतात पाच. पंचवीस शिल्लक.

प्रश्न खर्चाचा होता. दोघांचं जाणं-येणं, एक रात्र मुक्काम आणि ते तिकीट, म्हणजे दुकानाच्या तीन महिन्यांच्या बॅटऱ्या. दोन दिवस काकांनी पुन्हा पुन्हा हिशोब मांडला. तिसऱ्या दिवशी लेथ जुन्या कापडात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने तो घेतला होता, काचेत शोभेला मांडायला.

काकूंनी रिकामी जागा पाहिली. तिथलं लाकूड भोवतालच्या लाकडापेक्षा उजळ होतं.

"बोटं बरी झाली तर काम कशावर करणार?"

"आधी बोटं तर होऊ देत."

"अहो, हात बरे करायला हत्यार विकतं का कोणी?"

"हत्यार असून हात नसले तर काय करायचं, ते सांग." काकूंनी बॅग भरायला घेतली. बॅगेच्या तळाशी काकांनी एक पुरचुंडी ठेवली. त्यात भिंग, चिमटा, तीन स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, स्पिरिटची बाटली आणि ती छोटी बाटली. काकूंना यातलं काही सांगितलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला एकदाच काही दिलं होतं, तेच त्यांना परत एकदा द्यायचं होतं.

झऱ्यांवरची ती जागा फोटोत दिसते त्यापेक्षा लहान होती आणि गर्दी फोटोत दिसते त्यापेक्षा मोठी. बायकांचं कुंड एकीकडे, पुरुषांचं दुसरीकडे. मध्ये काउंटर, आणि काउंटरमागे मॅनेजरबाई. प्रत्येक तुकडीला एक तास. तास संपला की एक शिट्टीवाला शिट्टी वाजवी आणि वाफेतून लालबुंद माणसं उकडलेल्या बटाट्यांसारखी एकेक करून बाहेर निघत.

"घड्याळ दे माझ्याकडे," काका काकूंना म्हणाले. "पाण्यात खराब होईल."

"बंद घड्याळ आणखी काय खराब होणार?"

"दे तर."

काकूंनी ते काढून दिलं. मनगटावर फिकट पट्टा उमटला होता, घड्याळाच्या रुंदीचा.

पाणी खरंच गरम होतं आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येत होता. काका मानेपर्यंत बसले. चाळीसेक मिनिटांनी बोटांच्या मुळाशी काहीतरी हललं. त्यांनी अंगठा हळूच शेजारच्या बोटाकडे नेला. टेकला! पाण्यावर कोणाचा तरी एक केस तरंगत होता. काकांनी तो पकडायचा प्रयत्न केला. निसटला. पुन्हा केला. निसटला. तिसऱ्यांदा तो केस त्यांच्या दोन बोटांच्या टोकांत आला आणि तिथेच राहिला. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ समोर बसले होते. ते म्हणाले, "माझा आहे. ठेवून घ्या."

काका हसले. दोन वर्षांत इतके मोकळे हसले नव्हते. आणखी पाव तास, मग खिडकीजवळचा बाक, मग स्क्रू. त्यांनी बाक आधीच हेरून ठेवला होता.

तेवढ्यात शिट्टी झाली.

"अहो, तास झाला नाही अजून," काका म्हणाले.

"झाला, काका. चला, पुढची तुकडी उभी आहे."

"पाऊण तास झालाय. फार तर दोन मिनिटं वर."

शिट्टीवाल्याने भिंतीकडे बोट दाखवलं. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी पितळेचं एक गोल घड्याळ होतं, कुठल्यातरी जुन्या जहाजावरचं, रोज चावी द्यायचं. त्यात खरोखरच तास झाला होता.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेले ते गृहस्थ म्हणाले, "होतं असं वयात. वेळेचा अंदाज राहत नाही. माझे वडील तर सकाळी उठून गुड नाइट म्हणायचे."

बेचाळीस वर्षं जो माणूस कानाशी टिकटिक घेऊन बसला, त्याला वेळ कळत नाही! काका ओल्या अंगाने घड्याळाखाली जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटून ऐकू लागले. टिकटिक घाईची होती, जिन्यावरून पळत उतरणाऱ्या माणसासारखी. त्यांनी लगेच ओळखलं. वाफेने आतली केसासारखी स्प्रिंग चिकट झाली होती, वेढ्याला वेढा चिकटला होता आणि त्यामुळे घड्याळ पाऊण तासातच पंधरा मिनिटं पुढे धावत होतं.

"स्प्रिंग चिकटलीय," ते म्हणाले. "सोपं आहे. एक मिनिट."

हे शब्द तोंडातून गेले तेव्हा त्यांना काकूंच्या घड्याळाची आठवण नव्हती असं नाही. आठवण होती. पण समोर एक चुकीचं घड्याळ होतं आणि हातात चालणारी बोटं होती. तहानलेल्या माणसाने आधी घरी जाऊन स्वतःच्या भांड्यातून पाणी प्यावं, असं म्हणणं सोपं असतं.

कमरेला टॉवेल, डोळ्यावर भिंग आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे, असे मिनिटकाका. कपड्यांजवळची पुरचुंडी त्यांनी आधीच उघडली होती; घड्याळ उतरवून ते स्टुलावर बसले, ते मांडीवर घेतलं आणि मागची झाकणी उघडली. भोवती टॉवेल गुंडाळलेली माणसं जमली. एकाने विचारलं, "तुम्ही इथलेच का?" काकांनी ऐकलंच नाही. चिमटा दोन बोटांत बसला होता, जसा पूर्वी बसायचा. चिमटा आता वेगळा लागतच नव्हता, बोटांचाच वाढलेला भाग झाला होता. त्यांनी स्प्रिंग सोडवली, स्पिरिटने धुतली, ब्रशने कडा पुसल्या, फुंकर घातली, एकेक वेढा एकमेकांपासून अलग केला. पंधरा वर्षांपूर्वीही इतकं सफाईचं काम त्यांच्या हातून झालं नसेल. चाक हललं, थांबलं, पुन्हा हललं आणि सावकाश, भरल्या पोटाच्या माणसासारखं चालू लागलं.

"हं," काका म्हणाले. "आता कसं."

आणि तेव्हा बायकांच्या बाजूने काकू आल्या. ओले केस, लाल गाल. नवरा टॉवेलवर, मांडीवर घड्याळ, भोवती दहा-बारा उघडी माणसं.

"अहो! इथेही?"

"एक मिनिट..."

"चाळीस वर्षं झाली तुमच्या एका मिनिटाला!"

लोक हसले. काकाही हसले. त्यांनी घड्याळ भिंतीवर टांगलं, शिट्टीवाल्याच्या मोबाइलमध्ये पाहून वेळ लावली आणि मग त्या नव्या, बरोबर वेळेकडे पाहिलं. ते पाण्यातून बाहेर येऊन सव्वीस मिनिटं झाली होती.

"तू चहा घे, मी आलोच," ते काकूंना म्हणाले आणि पुरचुंडी उचलून जवळजवळ धावत खिडकीजवळच्या बाकाकडे गेले. रुमाल पसरला. घड्याळ उघडलं. छोटी बाटली उघडून स्क्रू रुमालावर टाकला. चिमटा घेतला. चार मिनिटं होती, फार तर पाच. पहिल्या खेपेला स्क्रू चिमट्यात आला. अगदी छान आला. त्यांनी श्वास रोखून तो त्याच्या भोकावर नेला आणि तिथेच अंगठा आखडायला लागला. आखडला तो हळूहळू, दुकान बंद करताना शटर उतरतं तसा, आपल्या डोळ्यांदेखत. काकांनी दुसऱ्या हाताने तो धरला. चिमटा तिरका झाला. स्क्रू उडाला.

खाली फरशी ओली होती. बाकाखाली पाणी वाहून जायची जाळी होती. ते गुडघ्यांवर बसले आणि तळहाताने फरशी चाचपली. इंच इंच चाचपली. काकू चहा संपवून आल्या तेव्हा ते जाळीत डोळा घालून बसले होते, आणि जाळीखालून पुढच्या तुकडीच्या अंगावरचं गरम पाणी खळखळत जात होतं.

काकूंनी रुमालावरचं उघडं घड्याळ पाहिलं. रिकामी बाटली पाहिली. खाली बसल्या आणि बारावी खेप म्हणून फरशी शोधायला लागल्या. पण इथे झाडू नव्हता आणि हे आपलं दुकान नव्हतं.

"पुन्हा एकदा पाण्यात बसलात तर?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"बसून काय बसवू? स्क्रू कुठंय?"

"दुसरा करा."

काकांनी हवेत लेथची मूठ फिरवून दाखवली. मग काकूंनाही लाकडावरची ती उजळ जागा आठवली.

निघताना मॅनेजरबाईंनी त्यांना हाक मारली. काकांना वाटलं, आभार मानतील.

"घड्याळाला हात तुम्ही लावलात का?"

"हो. पुढे धावत होतं. आता लोकांना पुरा तास मिळेल."

"अहो आजोबा, पण पुऱ्या तासाने रांग सरकत नाही ना! बाहेर बघा, लोक आमच्या नावाने ओरडतायत. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

कोणीच सांगितलं नव्हतं. काका तसंच म्हणाले आणि बाहेर आले. रांग खरोखर जिन्यापर्यंत गेली होती. तिच्या कडेने जाताना त्यांना ऐकू आलं, "आज काय गोंधळ घातलाय कोणी देव जाणे."

मुक्कामाच्या खोलीचे पैसे आधीच भरले होते, म्हणून ते राहिले. सकाळी उठल्यावर काकांची बोटं नेहमीपेक्षा जास्त आखडली होती. बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या.

"द्या माझं घड्याळ."

काकांनी दिलं. "आता ते कधीच चालणार नाही," ते म्हणाले. "आधी निदान चालण्यासारखं होतं."

काकूंनी ते मनगटावरच्या फिकट पट्ट्यावर बसवलं. नेमकं बसलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "रोज तुम्हाला त्या बाटलीकडे बघत बसलेलं पाहून माझाच जीव आखडायचा." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुम्ही त्या स्टुलावर बसला होतात ना, तेव्हा मी लगेच हाक मारली नाही. दारात उभी राहून थोडा वेळ पाहिलं."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावून उभी होते?" आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. काकांना ते दिसलं. पूर्वी अशा वेळी ते एखादं घड्याळ उघडून बसायचे.

गावात उतरले तर औषधवाला दुकानाच्या पायरीवर वाटच पाहत होता.

"काय काका? पैसे वसूल?"

मिनिटकाकांनी विचार केला. लेथ गेला, स्क्रू गेला, घड्याळ गेलं. आणि सव्वीस मिनिटं मिळाली. ती त्यांनी परक्याच्या भिंतीवर घालवली. याला वसूल म्हणायचं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"पाणी गरम आहे," ते म्हणाले.

"आणि बोटं?"

"अर्धा तास लोणी."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" औषधवाला खूश झाला. "मी पुढच्या आठवड्यात परत जातोय. कंबर ऐकत नाही."

"जा. आता पुरा तास मिळेल," काका म्हणाले. "घड्याळ बरोबर आहे तिथलं."

औषधवाला गेला आणि आला. आल्यावर दुकानात डोकावला. काकू आत एका गिऱ्हाइकाची बॅटरी लावत होत्या, काका स्टुलावर होते.

"कसला पुरा तास, काका! पाऊण तासात शिट्टी. हुज्जत घातली तर म्हणतात घड्याळ बघा. बघितलं, तर त्यात तास झालेला."

काकांनी आखडलेली बोटं चोळली. वाफ कोणासाठी थांबणार होती? आठवड्याभरात वेढ्याला वेढा पुन्हा चिकटला असणार. हे त्यांना स्प्रिंग धुतानाच ठाऊक असायला हवं होतं. कदाचित ठाऊक होतंही.

"टिकटिक कशी होती?" त्यांनी विचारलं. "घाईची?"

"कोण ऐकतंय हो टिकटिक! पण कंबर म्हणाल तर... नाड्या बांधल्या मी. पुढच्या वर्षी परत जाणार." आणि तो कंबर धरत निघून गेला.

संध्याकाळी काकूंनी शटर अर्धं ओढलं. बॅटऱ्या लावताना अडतं म्हणून काकू आपलं घड्याळ काढून ठेवत आणि घरी निघताना पुन्हा लावत. त्यांनी घड्याळ मनगटावर ठेवलं आणि हात नवऱ्यापुढे केला. झऱ्यांवरून आल्यापासून त्या रोज असा हात पुढे करत. का, ते काकांनी विचारलं नव्हतं आणि काकूंनी सांगितलं नव्हतं.

काकांनी पट्ट्याचं टोक धरलं. ते बकलात जाईना.

"एक मिनिट," ते म्हणाले.

काकू हात पुढे करून उभ्या राहिल्या. रस्त्यावरचे दिवे लागले. अंगठा बोटाकडे निघाला आणि वाटेतच थांबला. पुन्हा निघाला. काकूंनी घाई केली नाही, टोमणाही मारला नाही. काकांना वाटलं, त्यापेक्षा टोमणा बरा होता.

शेवटी पट्टा काकूंनीच लावला.